सातवा झरोका

१७ सप्टेंबर, बुधवार
आजपासून शाळेचं काम. दसऱ्याची रोषणाई. जुनी दगडी इमारत, दर्शनी भिंतीत वर ओळीने अकरा गोल झरोके. कठड्याला सीरियल सेट, म्हणजे बारीक दिव्यांच्या माळा, आणि प्रत्येक झरोक्यावर एक लाल फ्लडलाइट. शिडी दोनदा सरकली. कंबर कामातून गेली.
सातव्या झरोक्यातून फुस्स-फुस्स आवाज. वॉचमन शिवण्णा खालूनच ओरडला, "हावु, हावु! साप असेल, हात घालू नका!" मी कशाला घालतोय. फ्लड बाहेरच्या खिळ्याला टांगला, तोंड नीट आत वळवलं, उतरलो. साप असला तर उजेडाने जाईल आपोआप.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
ट्रायल. टायमर साडेसहाला चालू, अकराला बंद. अकराही एका दमात लागले. अप्पा सांगतात तेच खरं, ओळीतला एक दिवा मेला की बघणाऱ्याचा डोळा तिथंच जाऊन बसतो. बाकीचे शंभर फुकट.
आमचे आजे-पणजे रंगारी. कापडाचा धंदा बसला तेव्हा अप्पांनी तेच हात बल्बना लावले. साधे बल्ब लाखेच्या रंगात बुडवायचे आणि लुगडी घालावीत तसे दोरीवर वाळत घालायचे. मला सेट रंगासकट तयार मिळतात. वडिलोपार्जित म्हणून राहिली ती फक्त शिडी.
घरी सांगितलं, पहिल्याच झटक्यात लागले. "मत्ते? मग काय, लेक कुणाचा!" अप्पा.

२२ सप्टेंबर, सोमवार
नवरात्र बसलं, इथला दसरा सुरू. साप नव्हे. शिवण्णाला पायरीवर केस आणि बारीक हाडांच्या गोळ्या सापडल्या. दुपारी शिडी लावून आत बघितलं. पांढऱ्या घुबडाची तीन पिल्लं. पिंपळाच्या पानाएवढी तोंडं, त्याच आकाराची. मला बघून तिघंही एकदम फुसफुसली. मीच दचकलो.
सुमाला सांगितलं. "सणासुदीला घुबडाचं तोंड बघून आलात? आधी आंघोळ करा जावा." केली. बायकोशी वाद घालण्यापेक्षा आंघोळ सोपी.

२४ सप्टेंबर, बुधवार
संध्याकाळी मुद्दाम थांबलो. मोठी दोघं पाण्याच्या टाकीवर. साडेसहाला दिवे लागले. एक जण चोचीत उंदीर धरून झरोक्यापर्यंत आलं, उजेडाशी हवेतच वळलं, परत टाकीवर. चार वेळा तेच. पाचव्यांदा उंदीर स्वतःच खाल्ला.
शिवण्णा म्हणतो, अकराला दिवे गेल्यावर येतात, पण एखादीच फेरी. आधी अंधार पडल्यापासून ये-जा असायची. त्यात मैदानात कार्यक्रम, स्पीकर फुल. हे पाखरू म्हणे उंदराच्या पावलांच्या आवाजावर झडप घालतं. मला तर शेजारी उभ्या शिवण्णाचं बोलणं ऐकू येईना.
उद्या बघू.

२५ सप्टेंबर, गुरुवार
दिवसभर गावाबाहेर हूटगळ्ळीला. एका नव्या घराची वास्तुशांती, तिथली लायटिंग. शाळेकडे जाणं झालं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
धाकटं पिल्लू पायरीवर मेलेलं. उचललं तर बल्बच्या रिकाम्या खोक्याएवढं हलकं. छातीचं हाड बोटाला लागत होतं. शिवण्णाने कडुलिंबाखाली खड्डा केला.
वाईट वाटलं. फार वाटलं. फ्लड मी लावला होता. तोंड नीट आत वळवलं होतं.
चार वाजता सातव्याचं कनेक्शन काढलं. सहावा आणि आठवा खाली जमिनीकडे वळवले. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझाच घोळ व्हायला नको: सातवा जळलेला नाही, मी काढला.

२८ सप्टेंबर, रविवार
रोषणाईचं काम देणारे इंजिनियर साहेब आले. "येनप्पा, काय रे, सातवा का पेटत नाही?" "होल्डर गेलाय सार, दुसरा मागवलाय." काढलेला धड होल्डर माझ्या पिशवीत. "बेग माडु, लवकर कर, लोक फोटो काढतायत." खरंच काढतायत. एका ओळखीच्या दुकानदाराचा फोन, "तुमच्या ओळीचा एक दात पडलाय की!" हसलो. काय करणार.
पण सात वाजता मोठं घुबड उंदीर घेऊन सरळ आत गेलं. वीस मिनिटांत परत. मग तिसऱ्यांदा. आतून फुसफुस. स्पीकर चालू असूनही मला ऐकू आली, की वाटलं, कोण जाणे.

१ ऑक्टोबर, बुधवार
नवमी. या दिवशी अप्पांना स्कूटरवर बसवून माझी कामं दाखवायची, हे ठरलेलं. पूर्वी त्यांच्या कामांना मी मागे बसून जायचो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी नवी टोपी घालून तयार.
शाळेच्या फाटकाशी गाडी उभी केली. अप्पा बराच वेळ वर बघत राहिले.
"फस्ट क्लास दिसतंय नोडु, बघ. अकराच्या अकरा लागलेत नव्हे?"
"होय अप्पा."
त्यांनी पाठीवर थाप मारली आणि हात तिथंच ठेवला. घर येईपर्यंत तो हात मला जड झाला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सुमाला सांगून टाकलं. वाटलं, घुबडावरून बोलेल. म्हणाली, "साहेबाला काय सांगितलात ते सोडा. डोळ्यांनी दिसत नाही त्या माणसाला फसवलात काय?"
अप्पांच्या पन्नास वर्षांच्या कामात एक दिवा मेलेला कुणी बघितला नाही. हे त्यांचं एकच भूषण. मी त्यात भोक पाडलंय आणि वर होय म्हणालोय.

६ ऑक्टोबर, सोमवार
अप्पांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. नीट झालं. डॉक्टरीणबाईंना विचारत होते, ऑपरेशन थिएटरातल्या दिव्याला वायर कुठल्या जाडीची.
तिथंच साहेबांचा फोन. रोषणाई बारा तारखेपर्यंत वाढली. सातवा त्याआधी लागला नाही, तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघणार. "हां सार," म्हणालो. आजकाल मला दुसरं काही बोलता येत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार
पट्टी काल निघाली. सकाळपासून अप्पा घरभर बघत सुटलेत. कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचली. पंख्यावरची धूळ सुमाला दाखवली. ती त्या डॉक्टरीणबाईंना नावं ठेवतेय.
चहा पिताना म्हणाले, "मला परत शाळेकडं ने रे. त्या दिवशी मला काय बी दिसलं नाही. सगळा लाल धूर. सुम्ने, उगीच म्हटलं मी, तुला बरं वाटावं म्हणून."
म्हणजे दोघंही खोटं बोललो.
पिल्लं दोन्ही जगलीत. दिवस मावळला की झरोक्याच्या काठावर येऊन बसतात. थोरलं पंख उघडतं, खाली बघतं, मिटतं. शिवण्णा म्हणतो, चार दिवसांत उडेल. नाहीतर आठ. त्याला तरी काय माहीत. बारा तारीख चार दिवसांवर. होल्डर पिशवीत आहे, काम पाच मिनिटांचं.
अप्पांनी नवी टोपी कपाटातून काढून ठेवलीय. डॉक्टरीणबाईंनी दिलेला काळा चष्मा नको म्हणतात, रंग कळत नाहीत त्यातून.
टायमर साडेसहाचा. अप्पांना म्हटलं, आपण सहालाच पोचू.
"दिवे लागायच्या आधी? काय बघायचं तिथं?"
सातवा झरोका. चला तर, म्हटलं.