साठ टक्के ओलावा

दि. ३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आजोबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू भूजल सर्वेक्षणाच्या तळावर गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. दूरध्वनीवर मला ऐकू येत नाही आणि तुझ्या तंबूत तो लागत नाही, म्हणून पत्र. तुझा अजगर, ज्याला तू चेंडू म्हणतेस आणि मी ‘ते गृहस्थ’ म्हणतो, सुखरूप आहे. घरात दुसरे कोणीही सुखरूप नाही.

माझ्या खोलीतल्या त्यांच्या काचेच्या पेटीवर तू चिकटवलेल्या सूचनांमध्ये एकाही वाक्याला क्रियापद नाही. ‘गरम बाजू ३२, थंड बाजू २६, ओलावा ६० च्या वर, कात टाकताना ७०.’ बाईसाहेब, हे पत्र आहे की वाण्याची यादी? तरीही मी तिचे तंतोतंत पालन करतो. सकाळी सात, दहा, दुपारी एक, चार आणि संध्याकाळी सात, अशा पाच वेळा नोंद घेतो. उष्णतेविषयी तक्रार नाही. पेटीखालची गरम चटई आज्ञाधारक आहे. ओलावा मात्र उर्मट आहे. सकाळी दहाला एकोणसाठ आणि दुपारी एकला एक्केचाळीस! तीनदा पाणी फवारतो. काटा जरासा वर येतो, माझी पाठ वळली की खाली बसतो.

छत्तीस वर्षे दप्तरखान्यात मी ओलाव्याला दाराबाहेर उभे केले. आता त्याचा हात धरून त्याला आत आणावे लागत आहे आणि तो येत नाही.

कालपासून त्या गृहस्थांचे डोळे दुधाळ निळे दिसतात आणि कातडी निस्तेज झाली आहे. पुढे काय करायचे, ते क्रियापदांसह कळव.

कळावे. लोभ मोजण्याचे उपकरण अद्याप निघालेले नाही. तो पुरेसा आहे असे समजावे.

आजोबा

—

दि. ९ ऑक्टोबर

ती. आजोबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज सामानाच्या गाडीतून आलं. तंबूत सगळ्यांना वाचून दाखवलं, रागावू नका. आमचे साहेब म्हणाले की असा नोंदी ठेवणारा माणूस इथे हवा होता.

डोळे निळे झाले म्हणजे चेंडू कात टाकणार. आता ओलावा फार महत्त्वाचा आहे. कमी पडला तर कात सलग निघत नाही, तुकडे पडतात, आणि डोळ्यांवरची पारदर्शक टोपी तशीच चिकटून राहते. झाकणाच्या जाळीवर अर्ध्या भागात ओला टॉवेल टाका. भोक पाडलेल्या डब्यात ओलं शेवाळ भरून तो गरम बाजूला ठेवा. त्याला हातात घेऊ नका (तुम्ही घेणार नाहीच, मला माहीत आहे). खायलाही देऊ नका, म्हणजे फ्रीजरमधल्या उंदरांवरून आईशी होणारं भांडण एक आठवडा पुढे ढकलता येईल.

पण आजोबा, एक्केचाळीस कसं काय? तुमची खोली तळमजल्यावर, भिंतींना ओल. तिथे तर बुटांनाही बुरशी येते. तुम्ही दिवसभर काय काय करता ते मला सगळं लिहा. काही गाळू नका.

घाईत आहे, बोअरवेलच्या गाडीचा भोंगा वाजतोय. माया तिकडे ठेवून आले आहे, सांभाळा.

भिंगरी

—

दि. १५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. वि. वि.

वाईट बातमी आधी सांगतो. परवा त्या गृहस्थांनी कात टाकली आणि ती तुकड्यातुकड्यांनी निघाली, ओल्या पाकिटावरचे तिकीट सोलावे तशी. दोन्ही डोळ्यांवरच्या टोप्या तशाच राहिल्या आहेत. जनावरांच्या डॉक्टरांना घरी बोलावले. नखाने वा चिमट्याने ओढाल तर डोळा जाईल, असे त्यांनी बजावले. ओलावा सत्तरच्या वर ठेवा, म्हणजे त्या आपोआप सुटतील. न सुटल्या आणि पुढच्या कातीचा थर त्यांवर चढला, तर दृष्टीची खात्री देता येणार नाही, असेही ते म्हणाले. ते गृहस्थ आता पाण्याच्या भांड्याला नाक आपटतात. मला ते पाहवत नाही.

टॉवेल टाकला. शेवाळ भरले. दुपारी एकची नोंद: त्रेचाळीस! मी या उपकरणावर खटला भरण्याच्या बेतात आहे. तुझी आई म्हणते, आम्हा दोघांनाही एकाच पेटीत घालून ती डॉक्टरांकडे पोहोचवणार आहे.

माझा दिनक्रम विचारलास. लपवण्यासारखे काही नाही. सातला उठून नोंद. दहाला, माझ्या शब्दसंग्रहाच्या चिठ्ठ्यांसाठी भिंतीत बसवलेले ओलावा शोषणारे यंत्र सुरू करतो, कचेरीच्या वेळेप्रमाणे, गेली एकोणीस वर्षे. त्यानंतर चिठ्ठ्यांचे काम. सहाला यंत्र बंद करून त्याची बादली काढतो. हल्ली ती लवकर भरते. ते पाणी स्वच्छ असते, फेकणे जिवावर येते. म्हणून त्यातूनच फवाऱ्याची बाटली भरून ठेवतो. यापलीकडे मी काहीही करत नाही.

कळावे. लोभ आहे; संयम संपत आला आहे.

आजोबा

—

दि. २१ ऑक्टोबर

ती. आजोबा,

सा. न. वगैरे सगळं, पण आधी हे वाचा. ते यंत्र!

तुम्ही पेटीत पाणी फवारता, यंत्र ते शोषून बादलीत टाकतं, तुम्ही बादलीतून बाटली भरता आणि पुन्हा पेटीत फवारता. चार आठवडे तेच पाणी तुमच्या खोलीत गोल फिरतंय, आजोबा! मी डोक्याला हात लावून बसले. हसू की रडू तेच कळेना. रडलेच.

यंत्र बंद करा असं मी म्हणत नाही. त्या खोलीत यंत्राशिवाय तुमच्या चिठ्ठ्या महिनाभरही टिकणार नाहीत, आणि पेटी दुसऱ्या कुठल्या खोलीत ठेवायची नाही, या अटीवरच आईने होकार दिला होता. म्हणून चेंडूला डॉक्टरांकडे कायमचं देऊन टाका. ते ठेवून घेतील. नाहीतर मी येते. माझी नोकरी अजून कच्ची आहे, रजा टाकली तर बहुतेक जाईल. पण तो आंधळा झाला तर मी स्वतःला माफ करणार नाही. काय ते लगेच कळवा.

तुमच्यावर रागावले आहे, तरी तुमचीच,

भिंगरी

—

दि. २ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू येऊ नकोस. चूक माझी आहे. हे वाक्य मी तीनदा वाचून पाहिले. त्यात दुरुस्तीला जागा नाही.

तुझे पत्र पोहोचताच यंत्र बंद केले. इतकी वर्षे त्याची घरघर मला ऐकू येत नव्हती. ती थांबल्यावर ऐकू आली. चिठ्ठ्यांचे सतराही खोके तुझ्या आईने वरच्या मजल्यावर तिच्या कोरड्या कपाटात नेले. सतरा फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीत माझ्याविषयी एक नवे मत ऐकायला मिळाले. माझे गुडघे जिना चढत नाहीत. तेव्हा आता ती रोज सकाळी एक खोका खाली आणते आणि संध्याकाळी वर नेते. ‘क’ हवा असता ‘ग’ आणते. माझे काम निम्म्यावर आले आहे. डॉक्टरांनी त्या गृहस्थांना घेऊन जाण्याची तयारी दाखवली होती; मी त्यांना चहा देऊन परत पाठवले.

पहिल्याच दुपारी काटा एकाहत्तरवर गेला. मी फवाऱ्याला हातही लावला नव्हता. पाच दिवस ते गृहस्थ शेवाळाच्या डब्यातून बाहेर आले नाहीत. गुरुवारी उजव्या डोळ्यावरची टोपी शेवाळाला घासून सुटली. डावी सुटेना. मी खुर्ची पेटीसमोर ओढून बसलो आणि कामाला रामराम ठोकला. शनिवारी सकाळी तीही सुटली. नखाएवढीही नाही, अभ्रकासारखी चकती.

मग ते काचेजवळ आले, मान उचलली आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी सहा आठवडे त्यांना पाहत होतो. त्यांचे डोळे असे स्वच्छ मी कधी नीट पाहिलेच नव्हते. काळेभोर आहेत. मी चष्मा काढून पुसला, आणि त्यांची क्षमा मागितली. हट्टाने डोळे मिटून घेतले होते ते मी, आणि शिक्षा तुम्हाला झाली, असे काहीसे बोललो. अजगराला यातले काही कळत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु तुझी आई खोका घेऊन दारात उभी होती.

ती म्हणाली, या घरात सून म्हणून आल्यापासून हे शब्द मी तुमच्या तोंडून प्रथमच ऐकले, मामंजी. आणि कधीतरी जिना चढून वर येऊन म्हटलेत तरी चालेल. मग खोका टेबलावर ठेवून निघून गेली.

आज तीन पायऱ्या चढलो. एकूण चौदा आहेत.

कळावे. लोभ कमी पडल्यास मागून घ्यावा.

आजोबा