वर गेलेली गोळी

४ फेब्रुवारी

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. मी कामावर जायला लागले. घरी बसून भिंतीकडे बघत होते, आता तिथे बसून पडद्याकडे बघते, एवढाच फरक. ऑफिसात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू मी झोपलेय आणि मला उठवायचं नाहीये. शेजारच्या टेबलावरची रंग भरणारी मुलगी रोज माझी पाण्याची बाटली भरून ठेवते आणि एक शब्द बोलत नाही. ती मला बरी वाटते.

नवीन मालिका आली आहे. चित्रांचीच, मुलांसाठी, पण मोठ्यांनीही बघावी अशी. डोंगरातल्या घाटातून टपाल नेणारी एक बाई, तिचा म्हातारा सोबती, आणि त्यांच्या मागावर असलेला एक तस्कर. तुम्हाला माहीतच आहे, पात्रं ज्या ज्या वस्तूंना हात लावतात त्या मी काढते. आजवर खुर्च्या, कंदील, किटल्या काढल्या. या खेपेला माझ्या वाट्याला बंदुका आल्यात. मागच्या मालिकेत नायकाचं पिस्तूल कुणीतरी मनानेच काढलं होतं. जाणत्या प्रेक्षकांनी त्याची इतकी टर उडवली की दिग्दर्शकांनी आता फर्मान काढलंय: प्रत्येकाच्या हातात जगात खरोखर असलेलंच हत्यार हवं, आणि ते खऱ्यासारखंच उघडलं-मिटलं पाहिजे. टपालवालीला वेब्ली रिव्हॉल्व्हर, म्हाताऱ्याला थ्री-नॉट-थ्री, तस्कराला लुगर पिस्तूल.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. का, ते मलाच नीट सांगता येणार नाही. माझा नवरा अपघातात गेला एवढंच त्यांना ठाऊक आहे.

बाबा, पुस्तकांत फोटो आहेत, पण सगळे एकाच बाजूने, टेबलावर मांडून ठेवल्यासारखे. वेब्ली उघडते कशी, आधी काय हलतं, त्या वेळी हात कुठे असतो, काही कळत नाही. तुमची सगळी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात हीच हत्यारं दुरुस्त करण्यात गेली. मी दुसऱ्या कुणाला विचारू? तुम्हाला नको वाटलं तर नुसती आईंची खुशाली कळवा, मी काय ते समजेन. सोबत कच्ची चित्रं ठेवली आहेत.

लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.

तुमची,
सूनबाई

१३ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

सवयीने वर 'चि. सौ.' लिहून बसलो आणि मग तो कागद फाडला. 'सौ.'च्या जागी जे लिहितात ते मी लिहिणार नाही. नुसतं 'चि.' पुरे.

चित्रं बघितली. तुझी टपालवाली चापावर बोट ठेवून धावते आहे. आमच्याकडे असती तर तिला मी दिवसभर कोपऱ्यात उभी केली असती. झाडायचं नसेल तेव्हा बोट चापाच्या बाहेर, सरळ, नळीला समांतर. तुझा म्हातारा मात्र रायफल बरोबर धरतो. हा म्हातारा दिसायला माझ्यासारखा का आहे? नाक तरी बदल.

आता वेब्ली. डाव्या अंगाला अंगठ्याजवळ एक खटका असतो. तो दाबून नळी खाली वाकवायची, दार उघडल्यासारखी बिजागरीवर ती पुढे पडते. त्याबरोबर मधून चांदणीच्या आकाराचा एक तुकडा वर येतो आणि सहाच्या सहा काडतुसं एकदम बाहेर फेकतो. झाडलेली असोत की भरलेली, तो भेद करत नाही. थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट, म्हणजे बाजूचा दांडा, वर, मागे, पुढे, खाली. पुढे ढकलताना जोर लागतो, तो म्हाताऱ्याच्या मनगटात दिसू दे. लुगरच्या पाठीवर एक सांधा असतो, गोळी सुटली की तो गुडघा दुमडल्यासारखा वर उचलला जातो. तुझ्या तस्कराला शोभेल, दिखाऊ चीज आहे.

बघ, दोन पानं लिहून झाली. कित्येक आठवड्यांत मी एवढं कुणाशी बोललो नाही.

हिची तब्येत ठीक. जेवते, झोपते, विचारलं तर उत्तर देते. त्या दिवसाबद्दल बोलत नाही. गच्चीवर टाकीचं झाकण बसवताना ती त्याला पाना देत होती, हे मी तिच्याकडून कधीच ऐकलं नाही. खाली पडलेला पाना बघून मला कळलं. दोन रस्ते पलीकडे निवडणूक जिंकलेल्यांची मिरवणूक चालली होती आणि कोणकोण खुशीत हवेत गोळ्या झाडत होते. आपल्या गच्चीवरून तर मिरवणूक दिसतही नव्हती, पण त्यांतली एक गोळी तिथे त्याच्यापर्यंत पोचली. पोलिसांनी मिरवणुकीतल्या लोकांची परवान्याची रिव्हॉल्व्हरं जमा करून तपासणीला पाठवली आहेत. अहवाल आला की कळवतो.

आणखी काही अडलं तर विचार. संकोच करू नकोस.

तुझा,
बाबा

३ मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. चित्रांचा विभाग आता त्यालाच शास्त्र मानतो. वेब्ली उघडण्याचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा काढला आणि शेवटी जमला. दिग्दर्शकांनी सगळ्यांना पडद्याभोवती बोलावून तो दाखवला. कुणीतरी म्हणालं, अगदी हातात घेतल्यासारखी वाटते. मला बरं वाटायला हवं होतं. मी मान हलवली आणि जागेवर येऊन बसले.

म्हाताऱ्याचं नाक बदललं. पण आता तो तुमच्या धाकट्या भावासारखा दिसतो, त्याला माझा इलाज नाही. परवा पकड दाखवायला दिग्दर्शक छत्री खांद्याला लावून उभे होते, तेवढ्यात चहावाला आला आणि त्याने हात वर केले. सगळे हसले. मीही हसले, म्हणजे तोंडाने.

लोक म्हणतात मी खंबीर आहे. बाबा, मी खंबीर नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो ना, चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तशी मी सगळीच्या सगळी झालेय. त्याचे शर्ट मी धुवून, इस्त्री करून परत कपाटात लावले. ते काम करताना मला आठवत होतं ते फक्त इस्त्रीचं बटण नीट लागत नाही एवढंच.

एक सांगायचं राहिलं. काल शेवटच्या भागाची संहिता आली. घाटातला पूल पुन्हा सुरू होतो, तस्कर पकडला जातो, आणि टपालवाली आणि म्हातारा पुलावर उभे राहून आनंदाने हवेत गोळ्या झाडतात. गाव टाळ्या वाजवतं, वर धूर, संगीत, समाप्त.

मी तो प्रसंग काढायला घेतलाय. जमणार नाही असं वाटलं होतं. जमलं. धूर चांगला आलाय.

आईंना माझा नमस्कार. त्यांना यातलं काही सांगू नका. आपलं प्रेम असू द्यावं, यापलीकडे मागणं नाही.

तुमची,
सूनबाई

१६ मार्च

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

अहवाल आला. गोळी लागल्यावर इतकी चेपली होती की नळीतून सुटताना तिच्यावर उठलेल्या रेघा कुठल्याच नळीशी जुळवता आल्या नाहीत. म्हणजे जमा केलेल्यांपैकी एखाद्या रिव्हॉल्व्हरमधून ती सुटली असेल किंवा नसेलही. तपासणारा माझ्या हाताखाली शिकलेला आहे. तो स्वतः घरी आला होता, चपला काढून दारातच उभा राहिला. मी त्याला आत बसवलं. त्याने काम चोख केलंय. मी असतो तरी हेच लिहिलं असतं.

तेव्हा कुणी सापडेल असं मनात धरू नकोस. मीही धरत नाही. एखादा माणूस समोर आणून उभा केला असता तर त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. आता चिडायलाही जागा नाही. रोज सकाळी उठतो, दाढी करतो, पेपर वाचतो. पेपरात काय होतं विचारशील तर सांगता येणार नाही.

तुझ्या शेवटच्या प्रसंगाबद्दल. तुझ्या पोटापाण्याच्या कामात मी नाक खुपसणार नाही, नाक तर तू आधीच बदललंस. पण विचारलं नाहीस तरी सांगतो: आमच्याकडे हत्यार खाली ठेवताना ते उघडून, रिकामं करून शेजारच्याला दाखवायची रीत होती. तुझी टपालवाली पुलावर उभी राहून वेब्ली उघडेल आणि सहाही काडतुसं पायाशी सांडतील, तर काम संपलं हे लहान मुलालासुद्धा कळेल. तुमच्या साहेबांना पटतं का बघ. नाही पटलं तर भांडू नकोस. नोकरी आहे, ती टिकव.

हिला मी काही सांगितलेलं नाही, अहवालाचंही नाही. तिने विचारलंही नाही.

तुझा,
बाबा

२ एप्रिल

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमची कल्पना मी दिग्दर्शकांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, माणूस वाईट नाही. मग म्हणाले, काडतुसं सांडली तर प्रेक्षकांना वाटेल काहीतरी बिघडलं, गोळ्या झाडल्या तर वाटेल काहीतरी जिंकलं. मी म्हटलं, पण वर गेलेली गोळी कुठेतरी पडणार. ते हसले आणि म्हणाले, ती पडद्याच्या बाहेर गेली, आता ती आपली नाही. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, तुला हा प्रसंग का नको आहे. मी सांगू शकले असते. सगळी वाक्यं तयार होती. मी म्हटलं, काही नाही, तांत्रिक शंका होती.

तुम्ही भांडू नको म्हणालात म्हणून नव्हे, भांडायला लागतं ते माझ्यात सापडलं नाही म्हणून परत जागेवर गेले आणि प्रसंग पुरा केला. जसा हवा होता तसा.

मालिका या महिन्यात सुरू होते. तुम्ही बघू नका. निदान शेवटचा भाग तरी बघू नका. श्रेयनामावलीत माझं नाव येईल, ते काय, मी तुम्हाला कागदावर लिहून पाठवीन.

तुमची,
सूनबाई

९ जुलै

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

तू नको म्हणाली होतीस, पण हिच्या कानावर गेलंच. खाली राहणाऱ्या बाईंच्या दोन लहान मुली ही मालिका चुकवत नाहीत. त्यांच्याकडून हिला कळलं की त्यात सूनबाईंचं नाव येतं. मग दर आठवड्याला मुली वर येऊ लागल्या. ही त्यांना मधे घेऊन बसायची. टपालवाली हिला आवडली. एकदा मला म्हणाली, या बाईच्या पायांत धड बूट नाहीत, सूनबाईला कळवा. तेव्हा कळवतो. मीही बघितली. हत्यारं बिनचूक आहेत.

काल शेवटचा भाग होता. मी काहीतरी निमित्त काढून टीव्ही बंद करणार होतो, ते जमलं नाही. पूल सुरू झाला, वाद्यं वाजायला लागली, आणि म्हाताऱ्याने रायफल वर उचलली. पहिला आवाज झाला त्यासरशी हिने दोन्ही मुलींना ओढलं, सोफा आणि टेबलाच्या मधे खाली पाडलं आणि स्वतः त्यांच्यावर पालथी पडली. दोन्ही हातांनी त्यांची डोकी झाकली. मुलींना वाटलं खेळ आहे, त्या खिदळायला लागल्या. संगीत संपलं, नावं सरकली, तुझंही नाव येऊन गेलं, तरी ती उठेना. मी खाली बसून तिच्या पाठीवर हात ठेवला. सगळं अंग दगडासारखं घट्ट होतं.

मुली गेल्यावर ती सोफ्यावर बसली आणि पदर नीट करून तिने मला विचारलं, ती गोळी कुठे पडली. मला वाटलं ती आपल्याकडच्या गोळीबद्दल बोलते आहे. नाही, ती म्हणाली, टीव्हीतली. म्हाताऱ्याची. एवढं गाव उभं होतं खाली.

सूनबाईने काढलंय, तिला ठाऊक असेल, असं ती म्हणते. सकाळी उठल्यावर पुन्हा तेच विचारलं. म्हणून लिहितो आहे. तिला काहीतरी कळव.

तुझा,
बाबा

१८ जुलै

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि तशीच उठून दिग्दर्शकांच्या खोलीत गेले. पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी वाचलं. मग मी सांगितलं: गच्ची, टाकी, पाना, मिरवणूक, चेपलेली गोळी. या खेपेला वाक्यं तयार नव्हती, एकात एक अडकत होती. मधेच मला रडू फुटलं आणि ते थांबेना. रंगवाली मुलगी आत आली आणि मला धरून उभी राहिली. तिचं नाकही वाहत होतं, माझंही. मला लाज वाटली नाही.

दिग्दर्शकांनी पत्राची घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, मालिका पुन्हा दाखवतील तेव्हा शेवट बदलू. खरंच बदलतील की नाही, माहीत नाही. त्यांच्या मनात आहे असं वाटलं.

सोबतचं चित्र आईंसाठी आहे. हे कुणी सांगितलेलं नव्हतं, मालिकेतही नाही, मी काल बसून काढलं. त्यांना सांगा, गोळी पुलाच्या पलीकडे नदीत पडली. पाणी खोल आहे तिथे.

तुमची,
सूनबाई

२६ जुलै

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

हे म्हणत होते, तू सांग, मी लिहून देतो. मी म्हटलं मीच लिहिते. अक्षर वाकडं आहे, चालवून घे.

चित्र पोचलं. पाणी छान काढलंस. मी भिंग घेऊन दोन्ही काठ बघितले. झाडं आहेत, दगड आहेत, माणूस कुणी दिसलं नाही. पण झाडांच्या मागे काय आहे ते चित्रात येत नाही. तिथे कुणी उभं नव्हतं ना? तू काढताना नीट बघितलं असशीलच, तरी विचारते.

उत्तर पत्रात लिहू नकोस. इथे ये आणि मला सांग. मलाही तुला काही सांगायचंय, त्याचं शेवटचं बोलणं. ते मी अजून यांनाही सांगितलेलं नाही. पाना मागताना हसत होता.

लवकर ये.

तुझी,
आई