मनाचा दवाखाना आणि तपासणीचे साहेब

पिंपळमळा, बेलापूरजवळ
मार्च १९७४

ती. मामांच्या पायांशी मुक्ताचा नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? नागापूरच्या कारखान्यात दिवसभर यंत्रापाशी उभं राहून ती धरते, असं मागच्या खेपेला म्हणाला होतात. मामींकडून निरगुडीचा शेक घेत जा. शकूच्या स्थळाचं संगमनेरहून काही कळलं का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खुशालीचा तपशील पुढे आहे, तो बसून वाचावा.

आमच्या दवाखान्याविषयी तुम्ही कधी विचारत नाही आणि मीही लिहीत नाही, पण आज लिहिते. खेड्यातल्या माणसांच्या मनाच्या आजारावर खेड्यातच उपचार व्हावेत म्हणून सरकारने आमच्या गावाला प्रयोगादाखल एक वर्षाचं अनुदान दिलं होतं. त्यात डॉक्टरांचं नगरहून येण्याचं एस.टी. भाडं, गोळ्या आणि माझा पगार (याच क्रमाने, पगार उरला तर) भागायचा. सोसायटीच्या गोदामातली एक खोली मिळाली. तिथे मन शांत होण्याआधी खताच्या वासाने डोळ्यांना पाणी येतं. पाटी रंगवणारा एरवी मालट्रका रंगवतो, त्यामुळे 'मनाचा दवाखाना' या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना कमळं आहेत आणि खाली 'पुन्हा भेटू'. त्या पाटीखालून उजळमाथ्याने कोण आत येणार? माणसं येत, पण मागच्या दाराने आणि खोकत. दवाखान्याबाहेर सगळ्यांना खोकलाच असे. डॉक्टर म्हणायचे, एवढा खोकला एका गावात मी पहिल्यांदा पाहतो.

मागच्या दाराने येणाऱ्यांत आपली राहीमावशीही होती. तुमची धाकटी बहीण, म्हणून तुम्हाला तिचं निराळं सांगायला नको. मूल जन्मताच गेलं, सासरच्यांनी आमच्या ओट्यावर आणून सोडली, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसायची. हाक मारली तरी ती हाक दुसऱ्या कुणाची आहे असं तिला वाटायचं. देवऋषी झाले, मिरच्यांची धुरी झाली. 'कुणी विचारलं तर हृदयाचं दुखणं आहे म्हणून सांगा' असं तुम्ही बजावलं होतं, तसं आईने सगळ्यांना सांगितलं. दिवाळीनंतर या डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या. आता ती आपले केस आपण विंचरते. परवा तर 'मुक्ते, तुझ्या भाजीत मीठ कुठं हाय?' असं मलाच ओरडली. मामा, त्या ओरडण्याने मला रडू आलं, आणि मीठ खरंच नव्हतं.

तर मार्चअखेर अनुदान संपतं. पुढचं वर्ष मिळायचं तर साहेब येऊन पाहणार, की गावात रोगी आहेत का आणि त्यांना गुण येतो का. नाही तर गोळ्या बंद. हे मी ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं. (बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं होतं. लोकांना विश्वासात घ्यावं, असं त्यात आहे. घेतल्यावर लोक काय करतील, हे नाही.) सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. छगन तर म्हणाला, 'ताई, तू काळजी करू नको. गावची पोर शिकली, तिची नोकरी आमी जाऊ देतो व्हय?' छगन म्हणजे जत्रेच्या नाटकात दरसाल खलनायक होतो तो. मला तेव्हाच घाम फुटायला हवा होता.

तपासणीच्या दिवशी गोदामापुढे सरकारी जीप उभी राहिली आणि गावातले खरे खोकलेवाले एका क्षणात बरे होऊन शेतात पांगले. मी दार उघडते तो आत जत्रेची सगळी नाटक मंडळी ओळीने बसलेली. छगनने कामं वाटून दिली होती, म्हणे. साहेब टेकतात न टेकतात तोच छगन गडगडाटी हसून टेबलावर चढला. बांगड्या विकणारे चांदभाई भर दुपारी छपराकडे बोट करून चांदण्या मोजू लागले. गोजरबाईला काम नव्हतं, पण तिला राहवेना. तिच्या अंगात आलं आणि तिने साहेबांकडे खण-नारळ मागितला. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मामा, मला हसू आलं. आज लिहितानाही येतंय, म्हणून तर आधी हेच लिहिलं.

तेवढ्यात चहा आला. छगन टेबलावरून उतरला, अंगरखा झटकला आणि अदबीने म्हणाला, 'घ्या सायेब, साखर बेताची हाय ना? आमची चांदणीवाली मंडळी लई गोड पितात.' चांदभाईंनीही मोजणी थांबवून कप घेतला. साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आधी ते हसले, मग मात्र भयंकर चिडले. सरकारचा पैसा तुम्ही नाटकावर उडवता काय, असं मला म्हणाले. छगन मध्ये पडला, 'न्हाई सायेब, नाटकाला आमी घरची पदरमोड करतो,' आणि उरलंसुरलं बिघडवलं.

त्या गोंधळात राहीमावशी पुढच्या दाराने आत आली. आईने तिला घरात थांब म्हणून सांगितलं होतं. धुतलेलं लुगडं, चापूनचोपून घातलेला अंबाडा. ती साहेबांसमोर बसली आणि म्हणाली, 'सायेब, ह्ये समदे शहाने हायत. मी खरी हाय. मला ह्यांच्या गोळ्यांनी गुन आला. त्या बंद करू नका.'

साहेब वाईट नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले, 'बाई, तुम्ही तर इथे सगळ्यांत शहाण्या दिसता. तुम्हाला कशाला आणलं यात?'

'कुनी न्हाई आनलं. माझी मी आले.'

'पण आजाराचं काहीच दिसत नाही.'

मावशीने छगनकडे पाहिलं, चांदभाईंकडे पाहिलं. मग विचारलं, 'मंग काय करू? यांच्यावानी करून दावू?'

कुणी हसलं नाही. छगन तोंड फिरवून उभा राहिला. साहेबांनी विचारलं, 'यांच्या घरचं कोणी आहे का?' आई मावशीच्या मागोमाग धावत आली होती, दारात उभी होती. मी आईकडे पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, 'तिला हृदयाचं हाय, सायेब.'

मावशी उठली. आईच्या हाताला धरून तिला घरी घेऊन गेली. बघणाऱ्याला वाटलं असतं, आजारी आईच आहे.

'रोगी आढळले नाहीत' असा शेरा लिहून साहेब गेले. छगन तेव्हापासून रोज संध्याकाळी ओट्याशी येतो, पाण्याची घागर भरून ठेवून जातो.

मामींना नमस्कार. शकूला आशीर्वाद. पाठीची हेळसांड करू नये.

तुमची भाची,
मुक्ता

ता. क. : पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. डॉक्टर नगरला साहेबांना पुन्हा जाऊन भेटले. साहेब म्हणाले, त्या बाईचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. घरच्या कर्त्या माणसाने समोर येऊन ती आजारी होती एवढं सांगितलं, तर मी शेरा बदलतो. महिनाअखेरपर्यंत त्यांनी कागद थांबवून ठेवला आहे. तुम्ही थोरले भाऊ. नागापूरहून कचेरी सायकलच्या अंतरावर आहे. संगमनेरकरांच्या कानावर जाईल ही तुमची भीती मला कळते, ती खोटी नाही. तरी जाल का?

ता. क. दुसरा : हे मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'दादाला ह्यात घालू नको. शकूचं होऊन जाऊ दे. मी ऱ्हाते तशी.' तेव्हा वरचा मजकूर लिहिलाच नाही असं समजावं. मी तो खोडलेला नाही.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवायच्या आधी आईला झाडताना मावशीची गोळ्यांची पुडी सापडली. सगळ्या गोळ्या मधोमध मोडलेल्या. साहेब गेल्यापासून ती अर्धीच घेते, पुरवून पुरवून. आई रागावली तर म्हणते, 'अर्ध्यानं अर्धी झोप लागती की गं अक्का. लई झालं.' उरलेल्या अर्ध्या झोपेत ती जात्यावर बसते. घरची बाजरी काल संपली. आता ती गोजरबाईची दळायला मागून आणते आहे.