धूर आलाच नव्हता

विटा, रविवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे

ती. नाथाजी दाजी यांस,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा, लालासाहेबचा, वाकून नमस्कार. कोइंबतूरला सोनं गाळायच्या भट्टीपुढं बसून तुमचे डोळे चुरचुरायचे, ते थांबले का? आक्काचा गुडघा (डावा) कसा आहे? आम्ही इकडे मजेत. 'मजेत' हा शब्द यावेळी विचार करून लिहिला आहे.

तुमची भाची साक्षी म्हणाली, "पप्पा, घरात लय हसवता, एकदा स्टँडअप करा की." सांगलीत नावही तिनंच दिलं. अट एकच, स्टेजवर स्वतःची टिंगल करायची. लोकांना तेच आवडतं म्हणे. आता दाजी, मी कुणाच्या हाताखाली न राहता पाण्याच्या जळक्या मोटरी नव्या तारेनं भरायला शिकलेला माणूस. (एकवीस वर्षं, तारेचा वेढा न् वेढा मोजून.) टिंगल करण्यासारखं काही सापडेना. तीन दिवस शोधलं आणि शेवटी एक खोटं रचलं.

परवा हॉलमध्ये एकशे बारा माणसं होती (अकरा खुर्च्या रिकाम्या). पहिली चार मिनिटं पोटावर आणि टकलावर बोललो. एक जण खोकला, एवढाच प्रतिसाद. मग रचलेलं काढलं: मी भरलेली मोटर विहिरीत सोडली, तर पाण्याऐवजी धूर वर आला! तोच दुसऱ्या रांगेतून तुमचे चुलतभाऊ आप्पासो उठले.

"आवं, काय बी काय सांगतासा? माझीच न्हवं ती? चार वर्सं झाली, झ्याक पानी वढतीया!"

मी खुणेनं बसा म्हटलं. बसतील तर शप्पथ.

"आन् धूर आला आसंल, तर माझ्यापास्नं का लपिवलासा?"

विनोदासाठी 'आला' म्हणायला हवं होतं. पण समोरची निम्मी माणसं विहीरवाली, म्हणजे उद्याची गिऱ्हाइकं, दाजी! तोंडातून निघालंच, "धूर आला न्हाई! आन् चार न्हवं, साडेचार वर्सं! माझ्या हातची एक बी मोटर परत आल्याली न्हाई!"

अख्खा हॉल हसून आडवा झाला. मी जितकं खरं सांगावं, तितकं लोकांनी जास्त हसावं. एक जण खुर्चीसकट मागं गेला (खुर्चीचा पाय आधीच चिरलेला होता, मी नंतर तपासला).

आपला,
लालासाहेब

ता. क. साताऱ्याचं बोलावणं आलंय, येत्या शनिवारी. पण मला आणि आप्पासोंना मिळून. एकटा मी काय करतो, ते आयोजकांनी पहिल्या चार मिनिटांत पाहिलंय. आप्पासो म्हणतात, "खोटं बोलनार आसला तर मी न्हाई येनार." ते तुमचंच ऐकतात. तेवढा फोन करा.

आणखी ता. क. फोन नको. पाकीट चिकटवताना त्यांचा निरोप आला. येतायत. मात्र स्टेजवर ते उभे राहणार आणि मी खाली बसून त्यांच्या चुका काढायच्या. काम मला झेपणारं आहे. दुसऱ्या रांगेतली मधली खुर्ची सांगून ठेवली आहे.