पहिल्या चारांत

अमरावती
१७ ऑगस्ट २०२५

चि. माधवी हिस खुशालरावचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

तू अकोल्याला रुजू झाल्यापासून दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी नुसतं हो हो म्हणालो. खरं सांगतो, कानात यंत्र घालूनही मला फोनवरचं अक्षर कळत नाही. बत्तीस वर्षं पोस्टमनकी केली, लोकांची पत्रं दारोदार पोचवली, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवली, त्यांची उत्तरंही लिहून दिली. माझ्या स्वतःच्या नावानं मात्र पेन्शनच्या कागदांखेरीज काही आलं नाही. तेव्हा सुनेनं तरी सासऱ्याला कागदावर लिहावं, एवढीच मागणी आहे.

गीतांजली शाळेत रमली. विपुल आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवतो, पण लेकीच्या दोन वेण्या काही त्याला सारख्या उंचीवर बांधता येत नाहीत. तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत. तुझं नाव निघालं की भांडी जरा जोरात घासतात, इतकंच. सहा वर्षांची पोर टाकून सून फुटबॉल शिकवायला गेली, हे तिच्या गळी उतरत नाही. तिची अट तुला ठाऊक आहेच: ऑर्डर अकरा महिन्यांची, बाराव्या महिन्यात सून घरात. तुझा अर्ज मीच पेटीत टाकला होता, त्यामुळे या घरात मीही सध्या आरोपीच आहे.

मुख्य प्रशिक्षक म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं ते सविस्तर कळव. लोभ आहेच, तो कागदावरही दिसू दे.

तुझा,
बाबा

---

जठारपेठ, अकोला
२९ ऑगस्ट २०२५

ती. बाबांना माधवीचा सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र पोस्टमननं हातात दिलं तेव्हा घरमालकीणबाईंना वाटलं, कोर्टाची नोटीस आली. हल्ली पत्र म्हटलं की लोकांना तेच आठवतं!

माझ्याकडून कोणाला काय काय हवंय त्याची नीट यादीच करावी लागेल. खोलीच्या दारावर पेंटरनं श्री. माधवी तायडे, मुख्य प्रशिक्षक असं रंगवलं होतं. मी दाखवल्यावर म्हणाला, मॅडम, फुटबॉलचा कोच म्हटलं म्हून लिवलं. प्राचार्यांना मुलींचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिल्या चारांत हवा आहे. गेल्या वर्षी याच संघानं पहिल्याच सामन्यात नऊ गोल खाल्ले, हे त्यांनीच मला सांगितलं आणि वर म्हणाले की यंदा नॅकची समिती कॉलेज तपासायला येणार, ट्रॉफ्यांचं कपाट रिकामं दिसायला नको. पहिल्या चारांत आलो नाही तर मुलींचा संघ ठेवायचा की नाही याचा विचार कॉलेजची कमिटी करेल. संघ नाही तर प्रशिक्षकही नाही. माझ्या ऑर्डरीत महिन्याच्या नोटिशीचं कलम आहे, ते मी सही करताना वाचलं होतं.

पालकांचं म्हणणं वेगळं. पोरगी सहाच्या आत घरी यावी, उन्हानं काळी पडू नये आणि पायाला काही होऊ नये. मी म्हटलं, पायाचा खेळ आहे हो हा. पोरींना पहिल्याच आठवड्यात उलटी उडी मारून गोल करायला शिकायचंय, मोबाईलवर पाहिलेला. आधी सरळ पास द्या म्हटलं तर तोंडं पाडतात. ग्राउंडच्या भिंतीवर रिटायर्ड मंडळींची रांग बसते, तीही रोज मला शिकवते.

पण बाबा, पोरी जिवाच्या आहेत. कप्तान संध्या बार्शीटाकळीहून सकाळी सहाच्या एसटीनं येते. गोलकीपर इफ्फत तर अशी झेप घेते की भिंतीवरचे आजोबा गप्प होतात. त्यांच्यात असले की मी कोण, कुठली, सगळं विसरते. मग खोलीवर येऊन कुलूप उघडते आणि गीतूची आठवण येते. दोन्ही खरं आहे.

आईंना सांगा, त्यांनी दिलेली शेंगदाण्याची चटणी पुरवून पुरवून खाते आहे. माया असू द्या.

आपली,
माधवी

---

अकोला
३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना सविनय जयभीम, वि. वि.

दिवाळीत घरी आले तेव्हा बोलायचं राहिलं आणि आता कामच निघालं. स्पर्धा अमरावतीलाच आहे, १७ तारखेपासून. पोरी तयार आहेत, अगदी खऱ्या अर्थानं तयार. मागच्या आठवड्यात आम्ही इथल्या मुलांच्या ज्युनियर संघाला बरोबरीत रोखलं.

अडचण मुक्कामाची. कॉलेजनं लॉज ठरवला, तसे आठ घरांतून नकार आले. इफ्फतची अम्मी शहाजादीआपा सगळ्यांच्या वतीनं बोलायला आल्या. म्हणाल्या, लॉजमध्ये नाही, पण मॅडम, तुमच्या सासऱ्यांच्या घरी राहणार असतील तर मी इफ्फतला आत्ता पाठवते. बाकीच्या आयांनीही मान डोलावली. म्हणजे पंधरा पोरी आणि मी, तीन दिवस. आईंना विचारल्याशिवाय मी हो म्हटलेलं नाही. त्या नाही म्हणाल्या तरी मला राग येणार नाही, संघ मात्र जाणार नाही.

हो असेल तर जेवणाचं एकच सांगणं आहे. सामना दुपारी दोनचा असतो. त्या दिवशी सकाळी नऊच्या आत थोडे पोहे, अकराला एकेक केळं, बस. तूप-तेलाचं, जड असं काहीच नको. पोट भरलेलं असलं की पाय उचलत नाहीत. सामना संपल्यावर आईंनी हवं ते खाऊ घालावं. एवढं आईंना आवर्जून वाचून दाखवा.

गीतूला पापा. उत्तराची वाट पाहते.

आपली,
माधवी

---

अमरावती
७ नोव्हेंबर २०२५

चि. माधवीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं त्याच दुपारी तिला वाचून दाखवलं. ती गहू निवडत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण काल शेजारच्या पार्बताबाईंकडून चार सतरंज्या आल्या आणि आज विपुलला गच्चीवर पाण्याची दुसरी टाकी चढवायला लावली. त्यावरून काय ते समज. घरी आलेल्या पाव्हण्याला ती परत पाठवणार नाही, मग तो सुनेचा फुटबॉल संघ का असेना.

शहाजादीबाईंना कळव की पोरी आपल्या घरी येत आहेत, परक्याच्या नाही. गीतू आत्तापासून मोजते आहे की तिच्या अंथरुणात किती जणी मावतील. या लवकर.

तुझा,
बाबा

---

अकोला
२१ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना सविनय जयभीम, वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. पंधराच्या पंधरा पोरी जिच्या तिच्या घरी पोचवून मग मी खोलीवर आले.

सोमवारचा सामना तुम्ही पाहिलात, तीन-शून्य. त्या संध्याकाळी अंगणात पोरी काय नाचल्या! मंगळवारी मात्र तुम्ही सकाळपासून पेन्शनच्या कामाला बाहेर होतात आणि गीतूची शाळा सुटल्यावर मैदानावर आलात, तोवर पहिला हाफ संपला होता. म्हणून लिहिते. सकाळी आठपासून साडेबारापर्यंत मी विद्यापीठात ओळखपत्रांच्या तपासणीत अडकले. परत आले तर परसात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर, त्यावर भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वरून तुपाची धार, वांग्याची भाजी, आणि पोरी तृप्त होऊन सतरंजीवर आडव्या. बुटाची नाडी बांधायला संध्याला वाकता येईना. इफ्फतनं चार रोडगे खाल्ले होते. पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल झाले. दुसरा तर तिच्या हाताजवळून गेला, एरवी तिनं तो डोळे मिटून धरला असता. नंतर अंग मोकळं झालं, संध्यानं एक फेडला, पण वेळ संपली. दोन-एक. पहिल्या आठांत आलो, चारांत नाही.

प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं की सामन्याच्या दिवशीच्या आहाराचं नियोजन माझ्याकडून चुकलं. घरचं काही लिहिलं नाही. बारा डिसेंबरला कमिटी बसेल. संघ बंद केला तर जानेवारीत मी घरी. आईंची अट सहा महिने आधीच पुरी होईल.

आईंनी पंधरा जणींना मायेनं वाढलं, त्यांना कोणीही एक शब्द बोलू नका. मला मात्र वाईट वाटतंय, ते तुमच्यापाशी लपवत नाही.

आपली,
माधवी

---

अमरावती
२५ नोव्हेंबर २०२५

चि. माधवीस आशीर्वाद.

चूक माझी आहे. तू पोहे-केळ्यांचं लिहिलं होतंस. मी वाचलं असं मला आठवतं, पण मोठ्यानं वाचलं की ओठांतल्या ओठांत, हे सांगता येत नाही. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, पोरी. जन्मभर लोकांना पत्रं वाचून दाखवली आणि घरचंच एक पत्र नीट पोचवू शकलो नाही. तिला विचारलं की तुला ऐकू आलं होतं का, तर ती उठून आत गेली. बहुतेक मला वाईट वाटू नये म्हणून.

आता मी रोज गीतूसमोर पेपर वाचून दाखवतो आणि आवाज येतो का विचारतो. तुझ्या प्राचार्यांना मी स्वतः लिहितो, पत्ता कळव. म्हाताऱ्याच्या कानापायी तुझी नोकरी जाऊ नये.

तुझा,
बाबा

---

अकोला
३० नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना सविनय जयभीम.

तुम्ही कोणालाही लिहायचं नाही. संघ माझा, सकाळी घरात थांबायला हवं होतं ते मी. ओळखपत्रं घेऊन संध्यालाही पाठवता आलं असतं. त्या दिवशीचं जेवण मुख्य प्रशिक्षकानं पाहायचं असतं, प्रशिक्षकाच्या सासऱ्यानं नव्हे.

हरून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोरी न बोलावता सरावाला आल्या. शहाजादीआपा म्हणाल्या, पुढच्या सालीही तुमच्याच घरी पाठवेन. मला पुढचं साल मिळेल का, ते मी त्यांना सांगितलं नाही. बाबा, मला गीतूजवळ यायचंय, पण अशी हाकलून दिल्यासारखी नाही.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका, नाहीतर मी पुढचं पत्र तुमच्यावर रागावून लिहीन.

आपली,
माधवी

---

अमरावती
६ डिसेंबर २०२५

चि. माधवीस जयभीम.

हे पत्र तुझ्या सासूबाई सांगत आहेत, मी फक्त लिहिणारा. माझी पोस्टातली भाषा घालायची नाही, बोलते तसंच लिहायचं, अशी तिची ताकीद आहे.

माधवी, तुया बाबानं तुयं पत्र मले मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. एक डाव नाई, दोन डाव. अर्ध्या गल्लीनं आयकलं असन. नऊच्या आत पोहे, अकराले केळं. मले सारं आयकू आलं.

(ती हे बोलली तेव्हा मी पेन खाली ठेवला. ती म्हणाली, उचला. म्हणून पुढं लिहितो.)

तरी मी रोडगे केले. पहिल्या दिवशी पोट्ट्या जितल्या अन् अंगनात नाचल्या, त्यायच्यात तूबी नाचली. गीतू तुया मांगं मांगं. मी दारातून पायत होती. मले वाटलं, आता हे काई घरी येत नाई. अजून एक डाव जितल्या त कायमची तिकडची झाली. सकाळी तू गेली अन् मी गोवऱ्या पेटवल्या. मनाले सांगतलं का पाव्हन्या लेकी हायेत, उपाशी कशा खेळतीन. पन ते खरं नोतं. त्यायले जड होईन हे मले ठाऊक होतं. इफ्फत नको नको म्हने, तिच्या ताटात मी शपथ घालून अजून दोन टाकले. त्यायनं हाराव, असंच मले वाटून राहिलं होतं. हारल्या त तू घरी येशीन.

मंग हारल्या. अन् सांजच्याले रडत रडत मायाच गळ्यात पडल्या का आजी, तुमी आमच्यासाठी एवढं केलं अन् आमी हारलो. तवापासून मले घास गोड लागत नाई. तूनं मायं नाव कोनाले सांगतलं नाई. अन् हा मानूस, आवाज निघते का नाई म्हून लेकरासमोर पेपर वाचून राहिला. मले पायवलं नाई.

आज सकाळी विहारात गेली होती. साऱ्यायनं पंचशील म्हनलं. खोटं बोलनार नाई म्हनाची पाळी आली त माया तोंडातून शब्दच निघाला नाई. घरी आली अन् यायले म्हनलं, कागद घ्या.

हे पत्र तुया प्रिन्सिपल साहेबाले दाखव. तुले लाज वाटत असन त मी सोता अकोल्याले येऊन सांगतो. त्यायनं तुले ठेवलं त चांगलंच. नाई ठेवलं त दुसऱ्या कालेजात अर्ज कर. अकरा महिन्याची अट मी घातली होती, मीच काढली. गीतू मायापाशी हाय, दर आयतवारी घेऊन येत जाईन. तुले याव वाटलं तवा ये, घर तुयंच हाय. पन मायाच्यानं येऊ नको.

(शेवटी रीतीप्रमाणे अनेक आशीर्वाद असं लिहू का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, मी माफी मांगून राहिलो, आशीर्वाद कोन्या तोंडानं देऊ? मग पेन माझ्या हातातून घेतला आणि नाव स्वतःच लिहिलं.)

जाईबाई