राखीव वीज

प्रिय ताई,

मावशी तुझ्याकडे रमली असेल. इकडे मला मात्र कामाची शिसारी आलीय आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

काम तसं वाईट नाही गं. घरोघरी बॅटऱ्या बसवायच्या. छपरावरच्या उन्हाने त्या दिवसा भरतात. संध्याकाळी सगळं गाव एकदम दिवे-शेगड्या लावतं, तेव्हा आमचं ऑफिस हजारो बॅटऱ्यांतली थोडीथोडी वीज ओढून घेतं. मग ते धुरकट जनरेटर लावावे लागत नाहीत, वीजही स्वस्त पडते. मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो हे.

नियम एकच. बॅटरी बसवली की घरच्यांना विचारायचं, अडीअडचणीला किती वीज राखून ठेवू? तेवढ्या विजेला ऑफिसनेही हात लावायचा नाही. पण साहेब म्हणाला, विचारत बसलास तर लोक निम्मी बॅटरी अडवून ठेवतील. शून्य टाक आणि पुढचं घर गाठ. मी नंदीबैलासारखी मान डोलावली. शंभरावर घरांत न विचारता शून्य टाकलं. मावशीच्या घरीही. तिचं श्वासाचं मशीन कोपऱ्यात घरघरत होतं, ती माझ्यासाठी दूध तापवत होती, आणि मी सवयीने शून्य टाकून मोकळा झालो.

वादळात तार तुटली, त्याच्या तासभर आधी ऑफिसने तिची बॅटरी पार रिकामी केली होती. मशीन बंद पडलं. शेजारच्या शिंप्याने तिला पाठुंगळी घेऊन तीन जिने उतरवले, म्हणून वाचली.

चौकशीत साहेबाने लिहिलं, म्हातारीनेच बटणं दाबून आकडा शून्यावर आणला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तूही तिला फोनवर रागावलीस, दिसेल ते दाबत सुटतेस म्हणून. ती बिचारी मलाच विचारत होती, बाळा, माझ्यापायी तुझी नोकरी तर नाही ना जाणार? मी नाही म्हणालो आणि तिने वाढलेलं जेवलो. थू असल्या जिण्यावर.

काल ऑफिसात खरं काय ते लिहून दिलं. नोकरी जाईल, जाऊ दे. तोवर घरोघरी जाऊन आकडे दुरुस्त करतोय. मावशीसमोर मात्र माझं तोंड उघडत नाही. तुझ्याकडे येण्याआधी ती साधा दिवासुद्धा शेजारणीकडून लावून घ्यायची, म्हणायची माझ्या हाताचा भरवसा नाही. म्हणून हे पत्र. तिला शेजारी बसवून सगळं वाचून दाखव, काही गाळू नकोस. मग संध्याकाळ झाली की घरातला दिवा तिलाच लावायला सांग.

तुझाच,
तोंड लपवून बसलेला धाकटा