कपाटातला गरम फोन

अहो,

मी शिबिरातल्या मुलींना घेऊन तळ्यावर जातेय. गोळी जेवल्यावरच घ्या.

मुलांच्या मोबाइलबरोबर आपलेही कपाटात ठेवले आणि किल्ली तुम्ही घेतलीत. रोज दुपारी प्रार्थनेला म्हणून चर्चमध्ये जाता. काल दुपारी तिथे मीच झाडत होते, तुमचा पत्ता नव्हता. म्हणून आज तुम्ही ‘प्रार्थने’हून येऊन आंघोळीला गेल्यावर तुमच्या खिशातली किल्ली काढून कपाट उघडलं. तुमचा फोन गरम होता आणि शेवटचा नंबर आपल्या धाकट्याचा.

मिशनरी म्हणून पोरांना खरं बोला सांगता आणि मलाच बनवता? त्याचं नाव घरात काढायचं नाही, हे कुणी बजावलं होतं?

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. आता त्याच्याशी आधी मी बोलणार.